मैदानावरचे क्रिकेट आणि मोबाईलवरचे क्रिकेट : चेंडू, वेळ आणि किंमत

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

१. फलंदाजाला चेंडू खेळण्यासाठी किती वेळ मिळतो, याचा हिशेब मांडणे.
२. व्हिडिओ गेममधला चेंडू कसा ‘तयार’ होतो आणि ऑनलाइन सामन्यात उशीर कुठून येतो, हे सांगणे.
३. गेममध्ये मिळवलेले कोणते कौशल्य मैदानावर उपयोगी पडते आणि कोणते पडत नाही, हे कारणांसह स्पष्ट करणे.
४. क्रिकेटचा व्हिडिओ गेम, ई-स्पोर्ट्स आणि पैसे लावून खेळायचा खेळ यांतला फरक २०२५ च्या कायद्याच्या आधारे ओळखणे.

१. प्रस्तावना

‘क्रिकेट खेळतोस का?’ या प्रश्नाचे उत्तर आज तीन वेगवेगळ्या अर्थांनी ‘हो’ असे येऊ शकते. एक जण संध्याकाळी मैदानावर जातो. दुसरा वसतिगृहाच्या खोलीत बसून मोबाईलवर मित्राविरुद्ध दहा षटकांचा सामना खेळतो. तिसरा एखाद्या ॲपवर अकरा खेळाडू निवडून त्यांच्या कामगिरीवर पैसे लावतो, किंवा कायदा बदलण्यापूर्वी लावत असे. तिघेही आपल्या कृतीला क्रिकेटच म्हणतात. पण तिघांच्या शरीराला, बुद्धीला आणि खिशाला वेगवेगळे काम पडते.

या विषयात महाराष्ट्राचा संबंध फक्त प्रेक्षक म्हणून नाही. ‘रिअल क्रिकेट’ हा मोबाईल गेम बनवणारी नॉटिलस मोबाईल ही कंपनी पुण्याची. ‘ड्रीम ११’ चालवणारी कंपनी मुंबईची. आणि मैदानी क्रिकेटची मुंबईची परंपरा तर सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे तिन्ही प्रकारांची उदाहरणे एकाच राज्यात मिळतात.

‘मोबाईल वाईट, मैदान चांगले’ असा निवाडा करून हा विषय संपत नाही. या पाठात आपण कोणत्याही ‘क्रिकेट’ला तीन प्रश्न विचारणार आहोत. चेंडू कोण ओळखतो? फटका कोण मारतो? चूक झाली तर किंमत कोण मोजतो?

२. अर्ध्या सेकंदाचा हिशेब

खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर असते. पण चेंडूला एवढे अंतर कापावे लागत नाही. गोलंदाज आपल्या बाजूच्या क्रीजजवळून चेंडू सोडतो आणि फलंदाज आपल्या क्रीजजवळ उभा असतो. दोन्ही क्रीज आपापल्या यष्ट्यांच्या ४ फूट पुढे असतात. म्हणून मधले अंतर ६६ वजा ८, म्हणजे ५८ फूट, सुमारे १७.७ मीटर भरते.

आता ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू घ्या. हा वेग सेकंदाला सुमारे ३८.९ मीटर होतो. १७.७ भागिले ३८.९ केले की उत्तर ०.४५ सेकंद येते. हवेच्या रोधामुळे आणि टप्पा पडल्यावर वेग थोडा कमी होतो. म्हणून फलंदाजाला साधारण अर्धा सेकंद मिळतो असे धरू.

डोळ्यांना दिसलेल्या बदलानुसार हाताची हालचाल बदलायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. पीटर मॅक्लिऑड या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय फलंदाजांवर प्रयोग केले. टप्पा पडल्यावर अचानक वळणाऱ्या चेंडूला प्रतिसाद देताना त्यांनाही जवळपास एवढाच वेळ लागला. म्हणजे मोठ्या फलंदाजाचा प्रतिक्रियेचा वेग तुमच्या-आमच्यापेक्षा फारसा वेगळा नसतो. ०.२ सेकंदात वेगवान चेंडू सहा-सात मीटर पुढे सरकतो. त्यामुळे टप्पा पाहून मग फटका ठरवायचा म्हटले, तर उशीर झालेला असतो.

मग चांगला फलंदाज नेमके काय करतो? मायकेल लँड आणि मॅक्लिऑड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फलंदाजांच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवून त्यांची नजर कुठे जाते ते टिपले. त्यांना असे दिसले की फलंदाज चेंडूकडे सलग पाहत नाही. चेंडू सुटतो तेव्हा तो पाहतो. मग त्याची नजर चेंडूला मागे टाकून, जिथे टप्पा पडणार आहे त्या जागी उडी मारते आणि तिथे चेंडूची वाट पाहते. ही उडी जो लवकर मारतो तो जास्त कुशल.

हा मुद्दा पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया आहे. फलंदाजीतले सर्वांत अवघड काम बॅट फिरवण्याच्या आधी घडते. ते म्हणजे टप्पा कुठे पडेल याचे भाकीत.

३. पडद्यावरचा चेंडू कसा तयार होतो?

मोबाईलच्या पडद्यावर चेंडू ‘येत’ नसतो. पडदा सेकंदाला साधारण ६० चित्रे दाखवतो. म्हणजे अर्ध्या सेकंदात ३० चित्रे. प्रत्येक चित्रात चेंडू कुठे काढायचा हे प्रोग्रॅम गणिताने ठरवतो. वेग, दिशा, टप्पा, स्विंग आणि फिरकी या सगळ्यांना त्यात आकडे असतात. खेळाडूंच्या हालचाली बऱ्याचदा खऱ्या माणसांच्या अंगावर खुणा लावून टिपलेल्या असतात. म्हणून कव्हर ड्राइव्ह हुबेहूब दिसतो.

तुम्ही बटण दाबता तेव्हा प्रोग्रॅम साधारणपणे तीन गोष्टी पाहतो : तुम्ही फटका कोणता निवडला, तो योग्य क्षणाच्या किती अलीकडे-पलीकडे दाबला, आणि तुमच्या पडद्यावरच्या फलंदाजाला कौशल्याचे किती गुण दिले आहेत. यात थोडा यादृच्छिकपणा मिसळला जातो, नाहीतर प्रत्येक सामना सारखाच होईल. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. योग्य क्षणापासून ०.०३ सेकंदाच्या आत बटण दाबले तर चौकार, ०.०८ च्या आत दाबले तर एक धाव, त्याहून चुकले तर झेल किंवा त्रिफळा. असा नियम एकदा अंगठ्याला कळला की खेळ सोपा होतो. मग कंपनी पुढची पातळी देते, म्हणजे हेच आकडे आणखी लहान करते.

अनेक क्रिकेट गेममध्ये चेंडू सुटण्याआधीच टप्पा पडण्याच्या जागी एक गोल खूण दिसते. ती का देतात? छोट्या सपाट पडद्यावर खोली नीट दिसत नाही. त्यामुळे खुणेशिवाय सामान्य खेळाडूला एकही चेंडू खेळता येणार नाही. पण मागच्या भागातला निष्कर्ष आठवा. टप्पा कुठे पडेल हे ओळखणे हेच फलंदाजाचे मुख्य काम होते. गेममध्ये ते काम प्रोग्रॅमने तुमच्यासाठी करून टाकले. तुमच्या वाट्याला उरली ती वेळ साधण्याची कसरत.

मैदानाचा स्वभावही असाच बदलतो. मुंबईत १९४८ पासून डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने कांगा लीग खेळली जाते. ती पावसाळ्यात, उघड्या, ओलसर खेळपट्ट्यांवर होत आली आहे. तिथे एकाच षटकात एक चेंडू घोट्याशी राहतो आणि दुसरा छातीपर्यंत उसळतो. आऊटफिल्डमध्ये गवत वाढलेले असते. त्यामुळे जमिनीवरून मारलेला चांगला फटकाही मध्येच अडतो. गेममध्ये ‘ओली खेळपट्टी’ हा पर्याय निवडता येतो, पण त्यातली उसळीही कुणीतरी आधी लिहून ठेवलेल्या मर्यादेतच असते. कांगा लीगच्या खेळपट्टीला अशी मर्यादा कुणी घालून दिलेली नाही.

४. तिलवारा ते पुणे : ऑनलाइन सामन्यातला उशीर

आता दोन माणसे दोन शहरांतून खेळतात तेव्हा काय होते ते पाहू. जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी तिलवारा घाट आहे. समजा, त्या भागात राहणारा एक विद्यार्थी आणि पुण्यात शिकणारी त्याची मामेबहीण ऑनलाइन सामना खेळत आहेत, आणि गेमचा सर्व्हर मुंबईत आहे.

जबलपूर ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर साधारण ८६० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका बाजूने ४.३ मिलिसेकंद आणि जाऊन-येऊन ९ मिलिसेकंदांच्या आत-बाहेर. हा भौतिकशास्त्राने ठरवलेला किमान उशीर झाला. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही. मोबाईल टॉवर, मधली यंत्रे, सर्व्हरवरचे काम आणि स्वतः फोन, प्रत्येक जण थोडा वेळ घेतो. एकूण उशीर ८० मिलिसेकंद धरला, तर तेवढ्यात १४० च्या वेगाचा चेंडू ३.१ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे बहिणीच्या पडद्यावर चेंडू बॅटजवळ पोचलेला असताना भावाच्या पडद्यावर तो कदाचित टप्प्यापाशीच असेल.

मग निकाल कोणाच्या पडद्यावरून लावायचा? एक उपाय असा की फलंदाजी करणाऱ्याच्या फोनवरच फटक्याची वेळ मोजायची आणि फक्त निकाल सर्व्हरला कळवायचा. यात फलंदाजाला न्याय मिळतो, पण फोनमध्ये लबाडी करणाऱ्यालाही वाव मिळतो. दुसरा उपाय म्हणजे सर्व निर्णय सर्व्हरने घ्यायचे. यात लबाडी अवघड होते, पण ज्याचे नेटवर्क मंद त्याचे नुकसान होते. तिसरा उपाय म्हणजे चेंडूचा वेग खऱ्यापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे उशिराचा परिणाम जाणवत नाही. गेम बनवणारे या उपायांची गरजेनुसार सांगड घालतात.

इथे एक सामाजिक मुद्दाही दडलेला आहे. मैदानावर ज्याच्याकडे चांगली बॅट, चांगले बूट आणि जवळ मैदान असते त्याला फायदा होतो. ऑनलाइन खेळात ज्याच्याकडे चांगला फोन आणि चांगले नेटवर्क असते त्याला होतो. सामना दोन्हीकडे समान पातळीवर सुरू होत नाही. फक्त असमानतेची कारणे बदलतात.

५. कोणते कौशल्य गेममधून मैदानावर उतरते?

शिक्षणशास्त्रात ‘अध्ययनाचे संक्रमण’ अशी एक संकल्पना आहे. एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी किती उपयोगी पडते, हे दोन्ही ठिकाणच्या कामांत किती साम्य आहे यावर अवलंबून असते.

या कसोटीवर गेममधून तीन गोष्टी निश्चित उतरतात. पहिली, नियमांचे ज्ञान. पॉवरप्ले, क्षेत्ररक्षणाच्या मर्यादा, धावगती, नो-बॉल. दुसरी, डावपेच. शेवटच्या पाच षटकांत कोणाला गोलंदाजी द्यायची, डीप मिडविकेटला माणूस ठेवायचा की नाही. तिसरी, खेळ समजून पाहण्याची सवय. ज्या मुलीला घरातून मैदानावर जाऊ दिले जात नाही, ज्याला शारीरिक अडचण आहे किंवा ज्याच्या गावात चार महिने पाऊस असतो, त्यांच्यासाठी ही दारे खरोखर महत्त्वाची आहेत.

उतरत नाही ते नजर आणि शरीराचे नाते. गोलंदाजाच्या मनगटावरून टप्पा ओळखणे, पाय पुढे टाकणे, तोल सांभाळणे, दोन तास उन्हात उभे राहून एकाग्र राहणे. गेममध्ये यांतले काहीच घडत नाही, कारण तिथे सगळ्या फटक्यांना अंगठ्याची एकच हालचाल पुरते.

याचा अर्थ खऱ्या मैदानाशिवाय काहीच शिकता येत नाही, असा मात्र नाही. डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरल गावी घराजवळच्या पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बांधकामावर गोल्फचा चेंडू फेकत आणि परत येणारा चेंडू यष्टीने मारत. सुनील गावसकरांच्या आई मीनल घरातच छोट्या सुनीलला टेनिस बॉल टाकत, आणि एकदा त्याचा फटका त्यांच्या नाकावर बसला होता. दोन्ही ठिकाणी मैदान नव्हते, अकरा खेळाडू नव्हते, नियमही बदललेले होते. पण नजरेने चेंडू ओळखायचा आणि शरीराने उत्तर द्यायचे, ही साखळी अखंड होती. म्हणून ते क्रिकेटचा सराव ठरले. पडद्यावर सगळे काही खऱ्यासारखे दिसते, पण नेमकी ही साखळीच तुटलेली असते.

म्हणून ई-स्पोर्ट्सला क्रिकेटची नक्कल म्हणण्यापेक्षा स्वतंत्र खेळ मानणे योग्य. हँगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स आणि क्रिकेट या दोन्हींना पदके होती. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरुष संघाने क्रिकेटचे सुवर्णपदक जिंकले. ई-स्पोर्ट्सची पदके वेगळ्या सभागृहात, वेगळ्या कौशल्यासाठी दिली गेली. दोन्ही एकाच स्पर्धेत असूनही कोणी एकाला दुसऱ्याचा पर्याय म्हटले नाही.

६. बाद होण्याची किंमत

रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकरच्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याला ते नाणे मिळायचे. सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर ते त्याचे. रुपयाची रक्कम क्षुल्लक होती. पण प्रत्येक चेंडूला किंमत आहे, ही जाणीव त्यातून अंगात भिनली.

मैदानी सामन्यात ही किंमत आपोआपच असते. पहिल्या चेंडूवर बाद झालेला फलंदाज उरलेला दिवस तंबूत बसतो, आणि पुढची संधी कदाचित आठवड्याने येते. गेममध्ये बाद झाल्यावर ‘पुन्हा सुरू करा’ हे बटण असते. चूक करण्याची भीती नसल्याने नवे फटके आजमावता येतात, हा फायदाच आहे. पण दबावाखाली निर्णय घेण्याचा सराव त्यातून होत नाही.

किंमत नसलेल्या खेळाचा दुसरा परिणाम वेळेवर होतो. मैदानावरचा खेळ अंधार पडला, दम लागला किंवा पाऊस आला की थांबतो. मोबाईलवरच्या खेळाला असा नैसर्गिक शेवट नाही. तिथे थांबण्याचा निर्णय फक्त तुमचा. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला आहे. खेळण्यावरचे नियंत्रण सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला प्राधान्य मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे. ती साधारणपणे बारा महिने टिकून असतील तरच निदान केले जाते. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री खेळलेला एक सामना हा आजार नव्हे. याच संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. गेममधल्या शतकाची या मिनिटांत भर पडत नाही.

७. पैसे लावले की काय बदलते?

तिसऱ्या प्रकारात किंमत परत येते, पण ती पैशाच्या रूपात. चेंडू दुसराच कोणी ओळखतो, फटका दुसराच कोणी मारतो आणि पैसे मात्र तुमचे जातात.

भारतात अशा खेळांचा कायदेशीर वाद दीर्घकाळ ‘कौशल्य की नशीब?’ या प्रश्नाभोवती फिरला. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. याच आधारावर पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ड्रीम ११ च्या स्वरूपाचा खेळ कौशल्याचा मानला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला मान्यता दिली. या कायद्याने ऑनलाइन खेळांचे तीन प्रकार केले :

- ई-स्पोर्ट्स : ठरलेल्या नियमांनुसार होणारी स्पर्धा. प्रवेश शुल्क आणि कामगिरीवर आधारित बक्षीस चालते, पैज चालत नाही. याला खेळ म्हणून मान्यता.
- ऑनलाइन सोशल गेम : करमणूक किंवा शिक्षणासाठीचे खेळ. वर्गणी घेता येते, पण पैसे जिंकण्यासाठी पैसे लावता येत नाहीत.
- ऑनलाइन मनी गेम : पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचे खेळ. यांवर बंदी. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यातला महत्त्वाचा बदल नीट समजून घ्या. मनी गेम ठरवताना तो कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा प्रश्नच बाजूला ठेवला आहे. पैज आहे का, एवढेच पाहिले जाते. शिक्षेची तरतूद खेळ पुरवणारे, त्याची जाहिरात करणारे आणि पैशाचे व्यवहार हाताळणारे यांच्यासाठी आहे. नुसते खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलेले नाही. कायद्यानंतर ड्रीम ११ ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, आणि भारतीय संघाच्या जर्सीवरचे तिचे प्रायोजकत्वही संपले. या कायद्याला न्यायालयांत आव्हानही दिले गेले आहे.

एक सावधगिरी मात्र कायद्याच्या बाहेर उरते. साध्या क्रिकेट गेममध्येही नवी बॅट, नवा खेळाडू, जास्त गुण यांसाठी पैसे मागितले जातात. ही पैज नाही, खरेदी आहे. पण शंभर-शंभर रुपयांनी होणारा महिन्याचा खर्च एकदा वहीत लिहून पाहा. त्या रकमेत टेनिस बॉल किती आले असते, याचाही हिशेब करा.

८. सारांश

- मैदानावर टप्पा फलंदाज ओळखतो. गेममध्ये तो बऱ्याचदा प्रोग्रॅम दाखवतो. पैशांच्या खेळात खेळणाऱ्याचा चेंडूशी संबंधच येत नाही.
- मैदानावर फटका सगळे शरीर मारते, गेममध्ये अंगठा, आणि पैशांच्या खेळात तिसराच माणूस.
- मैदानावर चुकीची किंमत म्हणजे विकेट आणि संधी. गेममध्ये दिसणारी किंमत शून्य, न दिसणारी किंमत वेळ. पैशांच्या खेळात किंमत म्हणजे पैसा.
- गेम नियम आणि डावपेच शिकवतो, फलंदाजी शिकवत नाही. फलंदाजीला नजर आणि शरीर यांची अखंड साखळी लागते. ती अंगणातल्या टेनिस बॉलनेही मिळते.

स्वाध्याय

१. ताशी ९० किलोमीटर वेगाचा फिरकी गोलंदाजाचा चेंडू १७.७ मीटर अंतर किती सेकंदांत कापेल? या चेंडूवर टप्पा पाहून निर्णय घेता येईल का? ०.२ सेकंदांचा आकडा वापरून उत्तर द्या.
२. तुमच्या फोनवरच्या कोणत्याही एका क्रिकेट गेममध्ये टप्प्याची खूण दिसते का, ते पाहा. ती बंद करण्याचा पर्याय असल्यास दहा षटके तशी खेळून दोन्ही वेळच्या धावांची तुलना करा.
३. ऑनलाइन सामन्याचा निकाल फलंदाजाच्या फोनवर लावावा की सर्व्हरवर? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी एक कारण लिहा.
४. तुमच्या महाविद्यालयात ई-स्पोर्ट्सची क्रिकेट स्पर्धा भरवायची आहे. २०२५ च्या कायद्यानुसार प्रवेश शुल्क आणि बक्षीस यांचे नियम कसे ठेवाल?
५. तुमच्या घरापासून चालत जाता येईल असे खेळण्याचे मैदान किती अंतरावर आहे? तिथे मुलींना खेळायला मिळते का? या दोन उत्तरांचा तुमच्या ओळखीच्या मुला-मुलींच्या मोबाईलवर खेळण्याशी काही संबंध दिसतो का, यावर दहा ओळी लिहा.